घडलेले आणि शाबीत झालेले : न्यायालयीन चित्रपटांचा विचार

ज्या चित्रपटात कोर्ट दिसते तो प्रत्येक चित्रपट न्यायालयीन चित्रपट होत नाही. राज कपूरचा ‘आवारा’ (1951) कोर्टात सुरू होतो, नर्गिस वकील म्हणून उभी राहते, पण तिथले कोर्ट म्हणजे पूर्वायुष्य सांगायला घेतलेले निमित्त आहे. ते काढून टाकले तरी गोष्ट शाबूत राहते. सिडनी ल्युमेट यांच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधून (1957) मात्र साक्षीपुरावा काढला तर काहीच उरत नाही. म्हणून या विवेचनापुरती व्याख्या अशी करतो : ज्याचे कथानक पुराव्याच्या छाननीतून पुढे सरकते तो न्यायालयीन चित्रपट. कठडा, काळे कोट, ‘ऑर्डर, ऑर्डर’चा पुकारा या बाबी दुय्यम आहेत. ल्युमेट यांच्या चित्रपटात कोर्टाचे दालन जेमतेम सुरुवातीला दिसते, तरी या प्रकारात त्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

खटल्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात : घडलेली घटना, कोर्टापुढे आलेला पुरावा आणि त्यावरून लागलेला निकाल. घटना एकदाच घडून जाते. ती पाहायला न्यायाधीश हजर नसतो, वकीलही नसतात. त्यांच्या हाती येतात पंचनामे, मुद्देमाल, डॉक्टरांचा अहवाल आणि माणसांच्या आठवणी. एवढ्या तुटपुंज्या ऐवजातून गेलेली घटना पुन्हा उभी करायची आणि त्या आधारावर एखाद्याच्या आयुष्याचा फैसला करायचा, हे कोर्टाचे काम. त्यामुळे घडलेले आणि शाबीत झालेले यांच्यात नेहमीच अंतर राहते. न्यायालयीन चित्रपटाचा दर्जा तो या अंतराशी कसा वागतो यावर ठरतो, असे माझे प्रतिपादन आहे. सामान्य चित्रपट खुनाचा प्रसंग आधीच दाखवून मोकळा होतो आणि मग वकिलाला तोच प्रसंग सिद्ध करायला लावतो. प्रेक्षकाला सगळे माहीतच असते. त्याला फक्त टाळ्या वाजवायच्या असतात. चांगला चित्रपट ते अंतर प्रेक्षकाला स्वतः मोजायला लावतो.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये हे मोजणे अक्षरशः घडते. रेजिनाल्ड रोज यांनी 1954 साली अमेरिकी टेलिव्हिजनसाठी लिहिलेल्या नाटकावरून हा चित्रपट निघाला. 18 वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. साक्षी संपल्या आहेत आणि 12 ज्यूरी सदस्य उकाड्याने हैराण होऊन एका खोलीत बसले आहेत. 11 जण ‘दोषी’ म्हणतात. हेन्री फोंडाचा आठव्या क्रमांकाचा सदस्य म्हणतो, निदान थोडे बोलू तरी. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने साक्ष दिलेली असते की, वर कोणी पडल्याचा आवाज ऐकून आपण अंथरुणातून उठलो, 15 सेकंदांत दारापर्यंत पोहोचलो आणि मुलाला जिन्यावरून पळताना पाहिले. फोंडा घराचा नकाशा मागवतो. अंतर पावलांनी आखतो. म्हाताऱ्याचा एक पाय अधू आहे हे लक्षात ठेवून तसाच पाय ओढत खोलीभर चालतो, आणि दुसरा एक जण घड्याळाकडे बघत राहतो. 41 सेकंद लागतात. या प्रसंगात भाषण नाही, कोणाचा भूतकाळ उलगडत नाही. एक माणूस लंगडत चालतो आणि बाकीचे बघतात. तरी त्या 26 सेकंदांच्या फरकात एका मुलाचा जीव आहे हे सांगावे लागत नाही.

फोंडाचे पात्र शेवटपर्यंत मुलगा निर्दोष आहे असे म्हणत नाही, हा या पटकथेचा खरा कणा आहे. त्याचे म्हणणे इतकेच की, मृत्युदंड द्यावा इतकी खात्री या पुराव्याने पटत नाही. खून कोणी केला हे चित्रपट संपल्यावरही कळत नाही, आणि कळावे असे वाटतही नाही. वाजवी शंका ही कायद्यातली कोरडी संकल्पना इथे 96 मिनिटांच्या नाट्याची नायिका होते. बोरिस कॉफमन यांच्या छायालेखनाची तिला मोठी साथ आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, पुढे तो पातळीवर येतो आणि अखेरीस खाली उतरतो; लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात. परिणामी भिंती जवळ येतात, छत डोक्यावर टेकल्यासारखे दिसते. खोली तीच असते, तरी प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. निर्णयाचा भार किती असतो हे संवादाआधी लेन्स सांगते.

या चित्रपटावर कायद्याच्या अंगाने एक रास्त आक्षेप घेतला जातो. खुनातल्यासारखाच चाकू त्या वस्तीतून विकत आणून फोंडा टेबलावर रोवतो. ज्यूरी सदस्याने बाहेर जाऊन स्वतः पुरावा गोळा करणे अमेरिकी कायद्याला मान्य नाही. उघडकीस आले असते तर खटलाच रद्द झाला असता. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने चित्रपट लहान होत नाही. प्रत्यक्ष कोर्टाबरहुकूम असणे ही या प्रकाराची कसोटी मानली तर बिली वाइल्डर यांचा ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ही (1957) बाद करावा लागेल. अगाथा ख्रिस्तीच्या त्या कथेतले शेवटचे उलथापालथीचे धक्के कुठल्याही बार रूममध्ये कोणी खरे मानणार नाही. तरी मार्लीन डीट्रिचची साक्ष पाहताना आपण साक्षीदारावर विश्वास का ठेवतो, त्याच्या शब्दांवर की त्याच्याविषयीच्या आपल्या रागावर, हा प्रश्न वाइल्डर नेमका रोवतात. पुराव्याची छाननी कशी चालते याविषयी चित्रपट खरे बोलतो की नाही, एवढेच मी विचारतो. नियमपुस्तिकेशी ताळा जमला तर उत्तम, नाही जमला तर चालते.

घटनेविषयी प्रेक्षकाला किती माहिती द्यायची, हा दिग्दर्शकाचा सर्वांत मोठा निर्णय असतो. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये (1962) आपल्याला लवकरच सगळे कळते. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागला आहे, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉम रॉबिन्सनचा डावा हात यंत्रात सापडून कायमचा निकामी झाला आहे. ग्रेगरी पेकचा ॲटिकस त्याच्याकडे एक पेला फेकतो, टॉम तो उजव्या हाताने झेलतो. शाबीत व्हायचे ते भर कोर्टात शाबीत होते, तरी गोऱ्यांची ज्यूरी त्याला दोषी ठरवते. घटना आणि पुरावा इथे जुळले आहेत. फाटते ते पुरावा आणि निकाल यांच्यात. चित्रपटाची सारी वेदना त्या फटीत आहे.

दुसऱ्या टोकाला कुरोसावांचा ‘राशोमोन’ (1950) आहे. दरोडेखोर, स्त्री, मांत्रिक बाईच्या तोंडून बोलणारा मेलेला सामुराई, सगळे साक्ष देतात आणि प्रत्येकाची हकीकत वेगळी निघते. त्यात एक बारीक गोष्ट अशी की, साक्ष ऐकणारा अधिकारी एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. न्यायासनाची जागा कुरोसावांनी प्रेक्षकाला देऊन टाकली आहे, आणि तिथे बसल्यावर ती किती अवघड आहे ते कळते.

जस्टिन त्रिए यांचा ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ (2023) त्याच वाटेवर आणखी पुढे जातो. नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मेला. ढकलला की त्याने उडी मारली? कोर्टात नवराबायकोच्या भांडणाचे ध्वनिमुद्रण वाजवतात. चित्रपट आपल्याला ते भांडण दाखवू लागतो, पण मारहाणीच्या क्षणी दृश्य तुटते आणि आपण पुन्हा कोर्टात येतो. आता फक्त आवाज : काहीतरी आपटते, कोणीतरी किंचाळते. कोणी कोणाला मारले ते कळत नाही. पुढे त्यांचा दृष्टी अधू असलेला मुलगा बापाशी मोटारीत झालेले बोलणे सांगतो. पडद्यावर बाप बोलताना दिसतो, पण आवाज मुलाचा आहे. साक्ष म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. मेलेल्याचे शब्द जिवंत माणसाच्या आवाजात येतात. त्यात आठवण किती आणि निवड किती, हे कोणालाच वेगळे काढता येत नाही.

आता प्रश्नांकडे वळू. वकिली नाट्याचे मर्म लोक युक्तिवादात शोधतात. ते उलटतपासणीत असते. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारायला मनाई असते, उलटतपासणीत ते विचारता येतात. म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून साक्षीदाराकडून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ काढून घ्यायचे. ऑटो प्रेमिंजर यांचा ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (1959) या कलेचा वस्तुपाठ आहे. मूळ कादंबरी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन व्होल्कर यांनी टोपणनावाने लिहिली. चित्रीकरण तिथल्याच खऱ्या कोर्टात झाले. न्यायाधीशाची भूमिका जोसेफ वेल्च यांनी केली. 1954 मध्ये सिनेटर मॅकार्थीला भर सुनावणीत सुनावणारे वकील ते हेच. घटनेचे एकही दृश्य प्रेमिंजर दाखवत नाहीत. सुरुवातीच्या एका प्रसंगात जेम्स स्टुअर्टचा वकील तुरुंगातल्या अशिलाला खुनाच्या बचावाचे कायदेशीर मार्ग सांगतो. काय बोल, असे तो म्हणत नाही. कोणते मार्ग बंद आहेत ते सांगत जातो आणि थांबतो. अशील विचार करून म्हणतो, कदाचित मला वेडाचा झटका आला असेल. पुढचा सगळा खटला त्या थांबण्यावर उभा आहे. बचाव खरा की पढवलेला, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

प्रश्न हे शस्त्र कसे होते ते मराठीत विजय तेंडुलकरांनी दाखवले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक 1967 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली आले, आणि सत्यदेव दुबे यांनी त्यावर 1971 चा चित्रपट केला. हौशी नटमंडळी गावात प्रयोगाला जातात, वेळ जात नाही म्हणून अभिरूप खटला मांडतात आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. सुखात्मे हा पडेल वकील सरकारतर्फेही बोलतो आणि बचावही तोच करतो. सामंत साक्ष देतो ती हातातल्या कादंबरीतून. काशीकर न्यायासनावरून उठून साक्षीदाराच्या जागी जातात आणि साक्ष संपवून परत निकाल द्यायला बसतात. खऱ्या कोर्टात ज्या गोष्टींना थारा नाही त्या सगळ्या इथे घडतात, आणि तरीही बेणारेचे गुपित बाहेर ओढले जाते. प्रक्रियेचे नियम कशासाठी असतात हे या उलट्या मांडणीतून जितके कळते तितके सुलट मांडणीतून कळले नसते. नियम काढून घेतले की उरतो तो एका बाईभोवती जमलेला घोळका. सुलभा देशपांडे यांची बेणारे ज्यांनी पाहिली आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

भारतीय चित्रपटाची एक अडचण अमेरिकी चित्रपटांना नाही. अमेरिकी वकील ज्यूरीकडे वळून बोलतो; कॅमेऱ्याला 12 चेहरे आयते मिळतात, मत कसे बदलते ते त्या चेहऱ्यांवर वाचता येते. आपल्याकडे ज्यूरी राहिली नाही. 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या एका खटल्याने ज्यूरी गेली असे सर्रास सांगतात, पण विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस 1958 सालीच केली होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पारशी वैवाहिक दाव्यांत तिचा अवशेष राहिला तेवढाच. बासू चॅटर्जी यांनी 1986 मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला तेव्हा देशात अशी ज्यूरी नव्हतीच, तरी पंकज कपूरच्या अभिनयासमोर हा तपशील कोणाला खटकला नाही.

ज्यूरी नाही तर वकिलाने बोलायचे कोणाकडे? एकट्या न्यायाधीशासमोर गर्जना करणे विचित्र दिसते. म्हणून हिंदी दिग्दर्शकांनी मागच्या बाकांवर गर्दी बसवली आणि वकिलाला तिच्याकडे, म्हणजे पर्यायाने थिएटरकडे, तोंड करून उभे केले. ‘दामिनी’मधला (1993) तारखांवरचा सनी देओलचा संवाद असाच जन्मला. त्यातली तक्रार शंभर टक्के खरी आहे. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पक्षकाराला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. पण ‘दामिनी’चे बळ त्या आरोळीत नाही. साक्षीदाराला खोटे पाडता येत नाही तेव्हा त्याला वेडे ठरवायचे, हे राजकुमार संतोषी यांनी दाखवले, आणि मीनाक्षी शेषाद्रीचे मनोरुग्णालयातले प्रसंग त्या संवादापेक्षा मोठे आहेत. बी. आर. चोप्रांचा बिनगाण्यांचा ‘कानून’ (1960) डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदारही चुकू शकतो हा मुद्दा धैर्याने मांडतो आणि शेवटी हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या आधाराने सोडवून टाकतो. तिथे तो घसरतो. अलीकडे वाट बदलली आहे. हंसल मेहता यांच्या ‘शाहिद’मधली (2012) कोर्टे अरुंद आहेत, फायलींनी भरलेली आहेत, वकील एकमेकांचे बोलणे तोडतात. तमिळ ‘जय भीम’मध्ये (2021) हेबियस कॉर्पसच्या अर्जात साक्षीदार तपासता येतात का, या निव्वळ प्रक्रियेच्या प्रश्नावर चित्रपटाचा एक महत्त्वाचा टप्पा उभा आहे, आणि तो थरारक आहे.

या सगळ्यानंतर मी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’कडे (2014) येतो. व्हेनिसला ‘ओरिझोन्ती’ विभागाचा सर्वोत्तम चित्रपट आणि पदार्पणाचा पुरस्कार, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक, हे सर्वांना ठाऊक आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. आरोप हास्यास्पद आहे, पण कोर्टात कोणी हसत नाही, कारण तिथे तो एक क्रमांक असलेले प्रकरण आहे. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबतो, दालन पूर्ण दिसते, आणि आपल्या खटल्याआधी दुसऱ्यांची प्रकरणे पुकारली जातात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) इंग्रजी अमदानीतल्या कायद्याची कलमे एका सुरात वाचत जाते.

मृताची विधवा साक्षीला येते तो प्रसंग मी या प्रकारातला सर्वोच्च मानतो. ती सपाट आवाजात सांगते. नवऱ्याला कामावर सुरक्षेची साधने मिळत नव्हती. आत वायूने त्याचा एक डोळा गेला होता. घाणीचा वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. उतरण्याआधी खाली खडा टाकायचा; झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. खटल्याचा खरा निकाल त्या झुरळांत लागून जातो. पण कोर्टापुढचा प्रश्न निराळाच आहे : कामगाराने गाणे ऐकले होते का. आणि तिने जे सांगितले ते तिच्या शब्दांत कागदावर जात नाही. न्यायाधीश ते ऐकतात, आपल्या वाक्यात बसवतात आणि टंकलेखकाला सांगतात. यात त्यांचा दुष्टपणा नाही. सत्र न्यायालयातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवावी असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 276 मध्येच होते. ताम्हाणे यांनी ती कृती जशी चालते तशी दाखवली. घडलेले आणि शाबीत झालेले यांच्यातले अंतर नेमके कुठे तयार होते ते पाहायचे असेल तर त्या टंकलेखकाकडे पाहावे. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने कॅमेरा तिथवर नेलेला मला आठवत नाही.

हे लोक कोर्टाबाहेर कसे जगतात तेही चित्रपट दाखवतो. बचावाचे वकील व्होरा महागड्या दुकानात खरेदी करतात. नूतन लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते आणि सुटीत परप्रांतीयांची टर उडवणारे मराठी नाटक पाहायला जाते. कोणी खलनायक नाही. कांबळे यांना पुन्हा अटक होते, कोर्टाला सुटी लागते, जामीन हवा तर उच्च न्यायालयात जा असे सांगितले जाते आणि दालनातले दिवे मालवले जातात. त्यानंतर न्यायाधीश सदावर्ते सहलीला जातात. बाकावर डुलकी लागलेली असताना पोरे ओरडून दचकवतात; ते उठतात आणि हाती लागलेल्या एका मुलाला थप्पड देतात. सुनावणी नाही, साक्ष नाही. कांबळे यांच्या खटल्याचा निकाल आपल्याला कधीच कळत नाही, आणि मी वर मांडलेल्या कसोटीवर ‘कोर्ट’ला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्याही वर ठेवतो. ल्युमेट यांच्या खोलीत एक चांगला माणूस हजर होता म्हणून पुरावा तपासला गेला. ताम्हाणे यांनी तसा माणूस न घेता व्यवस्थाच तपासली.

मराठी प्रेक्षकाला माझे सांगणे असे की, ‘शांतता!’ आणि ‘कोर्ट’ लागोपाठ पाहावेत, आणि मग एखाद्या दिवशी आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर तासभर बसावे. फौजदारी खटल्याचे काम खुल्या न्यायालयात चालते. बलात्कारासारखी बंद दालनात चालणारी प्रकरणे सोडली तर तिथे बसून ऐकण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.